आपला माणूस कोण? ‘सेक्रेड गेम्स’ पाहताना

कंपनीच्या बसमधला गायतोंडे

नाइट शिफ्ट सुटली की सुरतजवळच्या हजिऱ्याहून बस निघते. इच्छापोर येईपर्यंत अर्धे लोक झोपलेले असतात, उरलेले मोबाइलमध्ये. ही बहुतेक पोरं उधना-लिंबायतला राहणारी, मूळची जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. त्यांच्यातल्या एकाच्या स्टेटसला कित्येक महिने गणेश गायतोंडेचा चेहरा आहे. मी एकदा विचारलं, हाच का रे? तो म्हणाला, “दादा, गायतोंडे म्हणजे मराठी ना. आपला माणूस.”

मग मी काटेकरचं विचारलं. त्याला आठवायला वेळ लागला. “तो हवालदार होता तो?”

काटेकरही मराठीच. मालिकेत दोघांनाही भरपूर जागा दिली आहे. तरी एक स्टेटसवर बसला आणि दुसरा आठवावा लागला. हे का होतं ते समजलं तर अशा टोळीयुद्धाच्या मालिका वेगळ्या नजरेने पाहता येतात, म्हणून हा लेख. मालिका अजून पाहिली नसेल तर आधी पाहा, कारण पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत.

मालिका थोडक्यात

विक्रम चंद्रा यांची ‘सेक्रेड गेम्स’ ही जाडजूड इंग्रजी कादंबरी २००६ मध्ये आली. तिच्यावरून नेटफ्लिक्सने केलेल्या मालिकेचा पहिला भागसंच जुलै २०१८ मध्ये आणि दुसरा १५ ऑगस्ट २०१९ रोजी आला. प्रत्येकात आठ भाग आहेत. पहिल्याचं दिग्दर्शन विक्रमादित्य मोटवाने आणि अनुराग कश्यप यांचं, दुसऱ्यात कश्यपसोबत नीरज घेवान. पहिल्याचं लेखन वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग आणि वसंत नाथ यांचं. गायतोंडे झालाय नवाझुद्दीन सिद्दीकी, पोलीस अधिकारी सरताज सिंग म्हणजे सैफ अली खान, काटेकर जितेंद्र जोशी आणि त्याची बायको शालिनी नेहा शितोळे.

वर्षानुवर्षं गायब असलेला गायतोंडे सरताजला फोन करतो आणि सांगतो की पंचवीस दिवसांत मुंबईवर मोठं संकट येणार आहे. तिथून एक धागा सरताजच्या तपासाचा, दुसरा गायतोंडेच्या आयुष्याचा.

बोलतो कोण, ऐकतो कोण

पहिल्याच भागात गायतोंडे स्वतःवर गोळी झाडून घेतो. तरीही पुढे त्याचा आवाज थांबत नाही. म्हणजे आपण एका मेलेल्या माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट ऐकत असतो. त्याला उलटा प्रश्न कोणी विचारू शकत नाही. कुठला प्रसंग लांबवायचा आणि कुठला दोन वाक्यांत उरकायचा, हे तोच ठरवतो. प्रेयसी कुक्कूवरचं प्रेम तो जीव ओतून सांगतो. आईचा खूनही सांगतो, पण त्या दुःखातही मध्यभागी तोच असतो.

गुंडालाच बोलतं करण्याची हीच युक्ती याआधी एका अमेरिकन मालिकेने फार खोलवर वापरली होती. डेव्हिड चेस यांची ‘द सोप्रानोज’ १९९९ ते २००७ या काळात ८६ भाग चालली. न्यू जर्सीचा टोळीप्रमुख टोनी सोप्रानो घाबरून कोसळतो आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेल्फी यांच्याकडे जायला लागतो. पोहण्याच्या तलावात उतरलेली बदकं उडून गेली म्हणून हा माणूस रडतो आणि आपला जीव कळवळतो. वर्षानुवर्षं मेल्फी ऐकत राहतात. शेवटून दुसऱ्या भागात त्या एक अभ्यास वाचतात. अशा गुन्हेगारांना बोलण्याच्या उपचाराने सुधारणा होत नाही, उलट ते आणखी तरबेज होतात, असं त्यात म्हटलेलं असतं. त्या टोनीला दार बंद करतात.

मला वाटतं, टोळीच्या कुठल्याही मालिकेतलं सर्वांत महत्त्वाचं पात्र हे ऐकणारं पात्र असतं. तिथे मेल्फी, इथे सरताज, आणि त्यांच्यामागे आपण. गुंड आपलं मन मोकळं करतो, आपण त्याला समजून घेतो, आणि समजून घेता घेता त्याच्या बाजूने उभे राहतो. समजून घेण्यात चूक नाही. पण त्याच वेळी कोणाचं बोलणं आपल्या कानावर आलं नाही, तेही विचारायला हवं.

अस्तंब्याचा अश्वत्थामा

पहिल्या भागाचं नाव ‘अश्वत्थामा’ आहे. खानदेशातल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यात सातपुड्याचं अस्तंबा शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास लोक तिथली यात्रा करतात, रात्रीच्या अंधारात चढतात. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा त्या डोंगरात अजून फिरतो आणि वाटसरूंकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. आमच्या बसमधले काही जण दिवाळीची सुट्टी तिकडेच घालवतात.

चिरंजीव असणं हा त्याला मिळालेला शाप. झोपेतल्या पोरांना मारल्याची आणि गर्भातल्या बाळावर अस्त्र सोडल्याची ती शिक्षा आहे. गायतोंडेला अधूनमधून आपण देवच आहोत असं वाटतं आणि तो संवाद देशभर गाजला. भागाचं शीर्षक मात्र आधीच सांगून बसलंय की मरण न येणं म्हणजे काय. स्टेटसवर संवाद येतो, शीर्षक येत नाही.

याच नावात दुसराही अर्थ आहे. अश्वत्थामा म्हटलं की धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ आलंच. सरताजवर सुरुवातीपासून दबाव असतो तो एका खोट्या चकमकीबद्दल वरिष्ठांच्या सोयीची साक्ष देण्याचा. पूर्ण खोटं बोलवत नाही, पूर्ण खरं झेपत नाही. पाच मिनिटं धर्मराजाच्या जागी उभं राहिलेल्या माणसाचा घाम सैफने चांगला दाखवलाय.

पहिल्या भागसंचातल्या सगळ्याच भागांना पुराणातली नावं आहेत: हलाहल, आतापी-वातापी, ब्रह्महत्या, सरमा. मालिका पाहताना ती कोड्यासारखी सोडवून पाहा.

सोनं, समुद्र आणि कायदा

गायतोंडे वर येतो तो सोन्यावर. सलीम काकाबरोबर सोन्याच्या तस्करीला गेलेला हा पोरगा काकालाच संपवतो आणि सोनं घेऊन मोकळा होतो. हा काही पटकथाकारांच्या मनातला खजिना नव्हे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोनं बाळगण्यावर कडक बंधनं आली. देशातली मागणी मात्र कमी झाली नाही. मग दुबईकडून गलबतं निघायची आणि दमणपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर माल उतरायचा. दमणचा सुकर बखिया आणि मुंबईचा हाजी मस्तान ही त्या धंद्यातली मोठी नावं. हजिऱ्यापासून दमण काही फार लांब नाही. १९९० मध्ये हा कायदा गेला, पुढे आयातही खुली झाली आणि चोरट्या सोन्यातला नफा आटला.

म्हणून टोळीची मालिका पाहताना धंदा कशाचा चाललाय ते नीट पाहावं. कायदा आणि गरज यांच्यामध्ये जिथे फट पडते तिथे टोळी शिरते. गायतोंडेचा प्रवास पुढे कचऱ्याच्या डोंगरावरून मतांच्या राजकारणापर्यंत जातो, तेव्हा त्याचं शौर्य कमी दिसतं आणि त्या फटी जास्त दिसायला लागतात.

तिसरा बाप

पहिल्या भागसंचाचा शेवटचा भाग ‘ययाति’. वि. स. खांडेकरांमुळे हे नाव मराठी घराघरात पोचलेलं. आपलं म्हातारपण पोराला देऊन त्याचं तारुण्य मागून घेणारा बाप. गायतोंडे ज्याला ‘तिसरा बाप’ म्हणतो तो गुरुजी म्हणजे पंकज त्रिपाठी, आवाज कधी न चढवणारा. सत्ययुग आणायचं म्हणून तो अख्ख्या शहराचा नाश योजतो. स्वतःला देव समजणारा गायतोंडे इथे नुसता वापरलेला पोरगा ठरतो. दुसऱ्या भागसंचात केनियातल्या मोम्बासात पोचलेला गायतोंडेही असाच वापरला जातो, तिथे सूत्रं गुप्तचर यंत्रणेतल्या एका बाईंच्या हाती आहेत आणि त्यांची भूमिका अमृता सुभाषची आहे.

काटेकर

आता काटेकर. त्याला शेवटपर्यंत कुठलाही निवेदक आवाज मिळत नाही. तो जीप चालवतो, साहेबाला टोमणे मारतो, घरी उशिरा येतो. पहिला भागसंच संपण्याआधी तो मारला जातो आणि मागे शालिनी आणि मुलं उरतात. मालिकेत सगळ्यात जास्त वेळ माझ्यासोबत राहिला तो शालिनीचा चेहरा.

काटेकर काही संत नाही. एक बाई हरवलेल्या मुलाची तक्रार घेऊन येते. बांगलादेशी म्हणून तो तिला उडवून लावतो. पुढे मात्र तोच मुलाच्या शोधाला लागतो. सोळा भागांत माणूस बदलताना मला दिसला तो इथेच, आणि तोही कसला मोठा संवाद न म्हणता.

मागच्या रविवारी मी स्टेटसवाल्या पोराला घरी बोलावलं आणि हे प्रसंग लावून दिले. बाई पोलिसांसमोर उभी आहे, काटेकर तिच्याकडे नीट बघतसुद्धा नाही. पोराने पॉज केलं. म्हणाला, “दादा, आम्ही नवीन नवीन आलो ना उधन्याला, तेव्हा मम्मीला पण सगळीकडे असंच बोलायचे. बाहेरचे लोक म्हणून.”

चहा निवून गेला होता. त्याने पुन्हा प्ले दाबलं आणि पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, “पोरगा सापडतो का तिचा?”

मी सांगितलं नाही. पुढचा भाग लावला.