उवात्स दरी

उवात्स ही नैर्ऋत्य सर्बियातील नदीदरी असून तेथील नागमोडी वळणे आणि ग्रिफन गिधाडे प्रसिद्ध आहेत. ही वळणे नदीने चुनखडीच्या खडकात कोरली आहेत. त्यांचे सर्वांत सुंदर दर्शन मोलित्वा या कड्यावरून घडते. तेथून दिसणारे संथ, हिरवट पाणी मात्र निव्वळ निसर्गाची किमया नव्हे. विसाव्या शतकात जलविद्युतनिर्मितीसाठी धरणे बांधली गेली व उवात्स, झ्लातार आणि रादोइन्या हे तीन जलाशय निर्माण झाले. पर्यटक नौकेतून दरी व बर्फगुहा पाहतात.

१९७१ पासून हा परिसर संरक्षित आहे. तरीही लांडग्यांसाठी ठेवलेली विषारी आमिषे खाऊन गिधाडे मरत राहिली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस दहाहून कमी उरली. (भारतातील गिधाडांचा घात प्रामुख्याने डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने केला.) मृत जनावरे ठेवण्याचे खाद्यस्थळ सुरू झाल्यावर संख्या सावरत शेकड्यांवर गेली. मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे पाहता ही वाढ लक्षणीय ठरते. घरटी कड्यांच्या कपारींत असतात. अडीच मीटरहून अधिक पंखविस्ताराचे हे पक्षी तापलेल्या हवेच्या झोतांवर तरंगतात, त्यामुळे ते पाहण्यास उन्हे वर आल्यावरची वेळ सोयीची असते.