चौथीकडे बघा

जानेवारीतली सकाळ. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या डोंगराजवळ, सोयाबीन निघालेल्या रानात मुलींना धावायला शिकवणारे सर फक्कीची पाटी घेऊन वाकले होते आणि मी सायकल ढकलत होतो. चाकाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी वर आली की एक फेरा, म्हणजे सुमारे २.२ मीटर. असे ९१० फेरे झाले की दोन किलोमीटरचा लूप. क्रॉस कंट्रीच्या जागतिक स्पर्धेतही साधारण असाच लूप आखतात. त्यावर वीस वर्षांखालच्या मुली सहा किलोमीटर धावतात, मुलं आठ. मुलांची ही शर्यत सत्तरच्या दशकापासून आहे. मुलींना मात्र १९८९ पर्यंत वाट बघावी लागली, हे मला आजही खटकतं.

आमच्या संघातल्या सहाही मुली पोलीस भरतीच्या तयारीतून आलेल्या. भरतीला आठशे मीटर, तेही सपाटीवर. डांबरावर पाय कुठं पडतो हे बघावं लागत नाही. इथं ढेकळं, धसकटं, मध्येच काळ्या मातीची बोटभर भेग. पहिल्या फेरीत सगळ्या खाली मान घालून धावल्या आणि बांध आला तशा थबकल्या.

"सर, पायाखाली बघू का पुढं?"

"दहा पावलं पुढं बघ बाळा. पाय आपोआप जागा धरतो. आन् बांधावरून उडी नको, वर पाय टेकवून उतर."

दुसऱ्या फेरीला माना वर आल्या. पावलं आखूड झाली, आवाज बदलला. थपथप गेली, नुसती खसखस ऐकू येऊ लागली.

पहिल्या तिघी पुढं निघून गेल्या तरी सरांचं घड्याळ चालूच. "चौथीकडे बघा," ते म्हणाले. या खेळाची खरी गोम तिथंच आहे. संघात सहा जणी धावतात, पहिल्या चौघींचे क्रमांक जोडतात, आणि बेरीज कमी त्यांचा संघ वर. आपल्या मुली चौथ्या, सहाव्या, नवव्या आणि एकतिसाव्या आल्या तर बेरीज ५०. समोरच्या दहाव्या ते तेराव्या अशा ओळीनं आल्या तर ४६. पहिल्या नवात त्यांची एकही नाही, तरी संघ त्यांचा जिंकला.

आपल्याकडं एखादा चमकला की आपण तेवढ्यावर खूश होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, २०१५ मध्ये क्रॉस कंट्रीपासूनच धावायला लागला आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेजचं रौप्यपदक घेऊन आला. त्याचा अभिमान आहेच. पण मराठवाड्यातून एक साबळे निघाला, तर त्याच्या मागे दुसरा, तिसरा, चौथा का नसावा? २०१९ च्या जागतिक क्रॉस कंट्रीत डेन्मार्कमधल्या आरहूसला धावपटूंना संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून पळवलं होतं. तिथं चढ शोधून आणावा लागला. आपल्याकडं चढ, बांध, चिखल गावोगाव पडून आहे.

चौथी आली. तिसरीनंतर बेचाळीस सेकंदांनी. मागच्या आठवड्यात हेच अंतर सव्वा मिनिटाचं होतं. ती बांधावर बसली, बूट काढला, मोज्यात अडकलेली कुसळं एकेक उपटत म्हणाली, "सर, त्या भेगेपाशी फक्की जरा डावीकडून टाका ना. तिथं माझा वेग मोडतो."

सरांनी पाटी उचलली, पण फक्की होती तिथंच राहू दिली.