जागा मिळाली म्हणजे रुग्णालय झाले?

कुणी बक्षीसपत्राने जमीन दिली आणि निधी मंजूर झाला, की रुग्णालयाचा प्रश्न सुटला असे सर्रास मानले जाते. व्यवहार्यता अहवाल मग फायलीतला एक कागद होऊन बसतो. पण बांधकामाचा खर्च एकदाच होतो. पगार, औषधे, वीज, ऑक्सिजन, देखभाल यांचा खर्च मात्र इमारत उभी असेपर्यंत दर वर्षी करावा लागतो. म्हणून इमारत बांधता येईल का, यापेक्षा रुग्णालय चालवता येईल का, हे अहवालाने आधी तपासायला हवे. सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय एकाच वेळी हाताशी लागते. यातले एक जरी नसले तरी नवेकोरे शस्त्रक्रियागृह बंद राहते आणि अडलेल्या बाईला पुढच्या गावी धाडले जाते. जागेचेही तसेच. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कचरा प्रक्रियेविना 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो उचलणारी गाडी फुकटच्या जमिनीपर्यंत नियमित येईल का, हे बक्षीसपत्रात लिहिलेले नसते.

लोकसंख्या मोजली की गरज कळली, हाही गैरसमजच. सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष उपयोगी आहे. पण पावसाळ्यात रस्ता तुटतो हे त्यात दिसत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांसाठी तरंगते दवाखाने सुरू करावे लागले. तिथे दवाखान्यानेच माणसांपर्यंत जाणे शहाणपणाचे होते. ‘इथे इमारत नको’ असे सांगण्याची मुभा ज्या अहवालाला नाही, त्याला मी अभ्यास म्हणणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, बांधले की रुग्ण येतातच. येतातही, पण 1960 च्या सुमारास अमेरिकेत मिल्टन रोमर यांनी दाखवले की विम्याचे पैसे मिळत असतील तर वाढवलेल्या खाटा भरत जातात. भरलेली खाट हा गरजेचा पुरावा ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे: माणसे मरत असताना अभ्यास कसला करता? पण पदे मंजूर न करता बांधलेल्या इमारतीपुढे रुग्ण वर्षानुवर्षे ताटकळतो. त्यापुढे अभ्यासाचे काही महिने फार नाहीत. तोवर फिरते पथक आणि रुग्णवाहिका सुरू करता येते. तेव्हा भूमिपूजनाची तारीख ठरण्याआधीच ग्रामसभेने अहवाल मागावा, आणि त्यात डॉक्टर-परिचारिकांची किती पदे मंजूर आहेत ते पान आधी उघडून पाहावे.