शोधायला गेले रक्षक, सापडला फितूर

घरातील थोरामोठ्यांच्या हाती पडणाऱ्या मासिकात वीर्याविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. परंतु १९८६ मध्ये मद्रासेत डॉ. निर्मला या विद्यार्थिनीच्या साहाय्याने भारतातील एचआयव्हीच्या लागणीचा पहिला पुरावा पुढे आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थिरावलेल्या मराठी घरातील लेक. त्यांनी संकोच केला नाही. मग आम्ही तो का धरावा?

जर्मनीतील उल्म येथील शास्त्रज्ञ एचआयव्हीला अटकाव करणारे एखादे द्रव्य वीर्यात मिळते का, ते पाहत होते. २००७ मध्ये हाती आले ते नेमके उलटे. प्रोस्टेट ग्रंथीतून स्रवणाऱ्या ॲसिड फॉस्फेटेज या प्रथिनाचे तुकडे एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म तंतू बनतात. विषाणू आणि पेशी या दोहोंच्या पृष्ठभागांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. हे तंतू धनभारित असल्याने दोघांनाही चिकटतात व त्यांची गाठ घालून देतात. विषाणू अगदी थोडे असता प्रयोगशाळेत लागणीचे प्रमाण लाखपटीपर्यंत वाढलेले दिसले. अर्थात काचपात्रातील हा आकडा मानवी देहाला जसाच्या तसा लावता येत नाही. वीर्य घट्ट करणाऱ्या सेमेनोजेलिन या प्रथिनांचे तुकडेही असेच तंतू बनवतात, हे २०११ मध्ये कळले.

निसर्गाने ही फितुरी का पोसावी? सदोष शुक्रजंतूंची विल्हेवाट लावण्यास हे तंतू मदत करीत असावेत, असे २०१७ च्या संशोधनातून सुचते. आणि सर्वच विषाणूंना ते साथ देतात असेही नाही. झिका विषाणूला वीर्य अडथळाच करते, असे २०१८ मध्ये उल्मच्याच प्रयोगांत आढळले. तरीही झिका शरीरसंबंधातून पसरतो, हे विसरता येत नाही.

लाळेचा स्वभाव मात्र निराळा. तिच्यातील एक प्रथिन एचआयव्हीला रोखते, हे १९९५ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. लाळेतून हा रोग पसरत नाही, याचे ते एक कारण मानले जाते. असे असता बाधित सुनेचे ताट-वाटी वेगळे मांडणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तिच्या पेल्यातून पाणी प्यायल्याने कोणालाही लागण होत नाही. धोका आहे तो निरोधाविना होणाऱ्या संबंधात. आणि नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.