बालाघाटचा वाटा कोण राखणार?

जनगणनेची संदर्भ-तारीख 1 मार्च 2027 ठरली आणि तिच्यामागून येणाऱ्या मतदारसंघ फेररचनेवरून दिल्ली विरुद्ध दक्षिण असा वाद पेटला. लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याची शिक्षा आम्हाला का, हा दक्षिणेचा सवाल आता सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तोच सवाल एका राज्याच्या पोटातही उभा राहतो आणि तिथे तो मांडायला कोणी मुख्यमंत्री नसतो. गोंदियाहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला जाणाऱ्या रस्त्यावरचे, बाघ नदीकाठचे राजेगाव आणि त्याला लागून असलेला किरणापूर-लांजीचा पट्टा हे त्याचे ठळक उदाहरण. 2001 ते 2011 या दशकात मध्य प्रदेशची लोकसंख्या 20 टक्क्यांनी वाढली. बालाघाटची वाढ 14 टक्क्यांच्या आतच राहिली. इंदूर-भोपाळ मात्र याच्या दुपटीहून अधिक वेगाने वाढले. राज्यातल्या जागा जिल्ह्यांना वाटल्या जातात त्या डोकी मोजून. म्हणजे सावकाश वाढणाऱ्या जिल्ह्याच्या पदरच्या जागा काढून त्या फुगणाऱ्या शहरांना द्यायच्या, असाच त्याचा अर्थ होतो.

ही भीती काल्पनिक नाही, कारण हे एकदा घडून गेले आहे. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने 2001 च्या जनगणनेवर केलेली फेररचना 2008 मध्ये अमलात आली, तेव्हा बालाघाट जिल्ह्यातले विधानसभेचे आठ मतदारसंघ सहावर आले. किरणापूर आणि खैरलांजी ही दोन नावे यादीतून गेली. यातले किरणापूर साधे नाव नव्हते. तिथले आमदार लिखीराम कावरे दिग्विजय सिंह सरकारात परिवहनमंत्री असताना 15 डिसेंबर 1999 रोजी नक्षलवाद्यांनी सोनपुरी या त्यांच्या गावी त्यांची हत्या केली. पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाचे तीन वरिष्ठ नेते त्याच महिन्याच्या आरंभी आंध्र पोलिसांच्या चकमकीत मारले गेले होते; त्याचा सूड शेकडो मैलांवरच्या या जंगलपट्ट्यात उगवला गेला. पुढे कावरे यांच्या पत्नी पुष्पलता याच जागेवरून विधानसभेत गेल्या. ज्या भागाने लोकशाहीची एवढी किंमत मोजली, त्या भागाचा स्वतंत्र मतदारसंघ दहा वर्षांच्या आत नाहीसा झाला. कावरे यांची कन्या हिना 2013 आणि 2018 मध्ये शेजारच्या लांजीतून निवडून आल्या, विधानसभेच्या उपाध्यक्षही झाल्या. रेषा पुसली तरी लोकांची ओळख पुसली नाही, हे त्यातून दिसते. पण त्या ओळखीला आता निम्मी जागा उरली होती.

या पट्ट्याला वेगळा आवाज आहे, याला लोकसभेचा इतिहासच साक्षी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. तरी वैनगंगेच्या खोऱ्यातले राजकीय वारे सीमा पाहून थांबले नाहीत. 1962 मध्ये इथून प्रजा समाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी निवडून आले. 1977 चा निकाल तर थक्क करणारा आहे. त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या 40 पैकी 37 जागा जनता पक्षाने जिंकल्या आणि उरलेल्या तीनपैकी एक बालाघाटची होती. ती कचरूलाल जैन यांनी रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाकडून जिंकली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे चंद्रपूरचे. त्यांचा पक्ष विदर्भाच्या मातीतला. भोपाळच्या राजकारणात या निकालाचा उलगडा होत नाही, तो नागपूर-चंद्रपूरकडे पाहिल्यावर होतो. 1989 मध्ये कंकर मुंजारे अपक्ष म्हणून लोकसभेत पोहोचले. पोवार समाजाने बालाघाटला बिसेन, भगत, पारधी दिले, तसे पलीकडच्या भंडाऱ्याला बोपचे आणि पटले दिले. एकाच खोऱ्यातला समाज दोन राज्यांतून आपले खासदार पाठवत आला आहे.

यावर आक्षेप येतील. 1999 मध्ये नरसिंहपूरकडचे प्रल्हाद पटेल इथून जिंकलेच की, मग वेगळेपण कुठे राहिले? खरे आहे, पक्षाची लाट बाहेरच्यालाही निवडून आणते. पण लाटेत एक जागा जाणे आणि जागाच नकाशावरून जाणे यांत फरक आहे. पहिली पाच वर्षांत परत मिळवता येते. दुसरा आक्षेप असा की, एकूण जागा वाढल्या तर कोणाचेच नुकसान नाही. मात्र सभागृहात निर्णय वाट्यावर होतात. सहाच्या सात जागा झाल्या आणि महानगरांच्या दुप्पट झाल्या, तर बालाघाट हरलाच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: प्रत्येक मताचे मोल सारखे हवे. ते हवेच. पण राज्यघटनेचे कलम 170 लोकसंख्येचे प्रमाण ‘शक्य तितके’ समान ठेवायला सांगते, आणि 2002 चा फेररचना कायदा भूगोल, प्रशासकीय सीमा, दळणवळण व लोकांची सोय यांचाही विचार करायला लावतो. शिवाय गणना होते फेब्रुवारीत. कामासाठी नागपूर-हैदराबादला गेलेला मजूर तिकडे मोजला गेला, तर त्याच्या गावाचे माप आणखी कमी भरते.

2011 च्या गणनेत हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया असलेला हा जिल्हा राज्यात पहिला होता. तरी लोकसभेत पहिली महिला, भारती पारधी, पाठवायला त्याला 2024 उजाडावे लागले. महिला आरक्षण नव्या फेररचनेलाच जोडलेले आहे, त्यामुळे इथल्या बायांचा हक्कही याच नकाशावर ठरणार आहे. म्हणून मागणी आताच व्हायला हवी. नव्या फेररचना आयोगाने तहसील फोडू नये, जनसुनावणी भोपाळ-जबलपुरात न आटोपता किरणापूर-लांजीतही घ्यावी, आणि आयोगावर सहयोगी सदस्य म्हणून बसणाऱ्या आमदार-खासदारांत सीमाभागाचा एक तरी माणूस असावा. या सदस्यांना मत नसते, पण नोंद करता येते. 2008 मध्ये बालाघाटने दोन जागा गमावल्या. जनगणनेचे आकडे हाती येण्याआधी जिल्ह्याने सर्वपक्षीय निवेदन तयार ठेवले नाही, तर पुढच्या नकाशातही त्याचे म्हणणे कोणी विचारणार नाही.