थरथरत्या डोळ्याला चुंबकाचा लगाम

चालत्या लोकलच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे जरा निरखून पाहा. खांबामागे बुबुळ सावकाश सरकतं, झटक्यात परत येतं, पुन्हा सरकतं. हा निरोगी डोळ्याचा धर्म. निस्टॅग्मस झालेल्या माणसाचे डोळे मात्र गाडी नसताना, खांबही नसताना हलत राहतात, आणि त्याला ते थांबवता येत नाहीत.

जन्मापासून डोळे असे हलत असतील, तर मेंदू बहुधा त्याच्याशी जुळवून घेतो. अशी मुलं मान एका बाजूला वळवून बघतात, कारण त्या कोनात थरथर सर्वांत कमी असते. हा कोन समोर आणण्यासाठी डोळ्याचे स्नायू सरकवण्याची शस्त्रक्रिया केस्टेनबाउम आणि अँडरसन यांनी 1953मध्ये मांडली. ती आजही होते. मोठेपणी आजारातून जडलेला निस्टॅग्मस त्याहून दुर्मीळ आणि जाचक. यात सगळं जगच डुलतं. छापील ओळ नजरेखाली ठरत नाही. गॅबापेंटिन, मेमँटिन अशी औषधं दिली जातात. काहींना गुण येतो, काहींना नाही.

अशाच एका रुग्णावर लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात झालेल्या उपचाराचा अहवाल 2017मध्ये प्रसिद्ध झाला. पराश्केव नाचेव्ह यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाने डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी, हाडावर, टायटॅनियमच्या वेष्टनातलं चुंबक बसवलं. दुसरं, लहान चुंबक डोळा हलवणाऱ्या एका स्नायूला टाके घालून जोडलं.

खरी करामत चुंबकाच्या ताकदीत नाही, ती बेतशीर ठेवण्यात आहे. आपण मुद्दाम नजर वळवतो तेव्हा स्नायू जोर लावतात. थरथरीमागचा जोर त्यामानाने कमी. म्हणून ओढ एवढीच ठेवली, की थरथर आवरावी, पण नजर हवी तिकडे वळावी. मूळ बिघाड मेंदूत तसाच राहिला, तरी रुग्णाची दृष्टी सुधारली. तो पुन्हा वाचू लागला, टीव्ही बघू लागला, नोकरीलाही लागला.

एका रुग्णाच्या यशावरून उपचार सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. शिवाय अडचण मोठी आहे. मोठेपणी जडणाऱ्या निस्टॅग्मसचं एक महत्त्वाचं कारण मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याच्या रुग्णांना वरचेवर एमआरआय करावा लागतो, आणि ज्याला वरचेवर एमआरआय लागतो त्याच्या डोळ्यात हे चुंबक बसवता येत नाही.