घरी बांधलेल्या सागरी कयाकचे सुकाणू

नाशिकच्या गंगापूर धरणासारख्या मोकळ्या जलाशयात आडवा वारा असला, की चालत्या कयाकची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळते. कारण नाळ पाण्याच्या दाबाने धरली जाते आणि मागचे टोक वाऱ्याबरोबर सरकते. म्हणूनच सुकाणूचे मुख्य काम वळवणे हे नसून दिशा टिकवणे हे असते. त्याचे पाते अरुंद व खोल असल्यास कमी रोधात अधिक पकड मिळते आणि लाटेवर मागचे टोक उचलले गेले तरी पाते पाण्यात राहते. पात्याचा सुमारे २० टक्के भाग फिरण्याच्या आसापुढे ठेवल्यास सुकाणू फिरवणाऱ्या पायाच्या पेडलवरचा जोर कमी होतो. मात्र हा भाग २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास पाते आपोआप मध्यावर परतत नाही. उथळ पाण्यासाठी ते दोरीने वर उचलता येणारे असावे.